नोंद कशी झाली, हेही तपासा



न्यायालयात साक्षीदार काय बोलला एवढ्यावरच निकाल होत नाही. जबानी कोणी, केव्हा व कोणत्या परिस्थितीत नोंदविली, याचीही उलटतपासणी होते. हाच न्याय जनगणनेस व पाहणीस लावला पाहिजे. कारण हक्क मागताना आकडा हाच आपला पुरावा असतो.

1951 च्या जनगणनेत भारतात बौद्ध सुमारे 1 लाख 81 हजार होते. 1961 मध्ये ते सुमारे 32 लाख 50 हजार झाले. 1956 च्या धर्मांतराची ती साक्ष होय. परंतु प्रगणकाने न विचारताच जुना धर्म लिहिला, तर ते घर आकड्यातून नाहीसे होते आणि छापील तक्त्यावरून ते कोणास उमगत नाही.

मग उमगावे कसे? उत्तरे उपकरणावर भरली जातात तेव्हा दाराशी किती फेऱ्या झाल्या, कोणत्या वेळी, प्रश्नास किती सेकंद लागले, कोणते उत्तर मागाहून बदलले, हेही साठविता येते. संशोधक मिक कूपर यांनी 1998 मध्ये अशा माहितीस ‘पॅराडेटा’ हे नाव दिले. मजुरांच्या वस्तीत दुपारी दारे बंद आढळली, तर प्रगणकास सायंकाळी पाठवावे. एखाद्या प्रश्नापाशी बहुतेक लोक अडखळतात, तर प्रश्नाची भाषा सुधारावी. प्रश्न वाचण्यासही अपुऱ्या वेळात उत्तर भरले गेले, तर त्या घरी फेरतपासणी करावी. मात्र घाई हा संशय आहे, अपराधाचा पुरावा नव्हे.

2011 च्या जनगणनेनंतरच्या फेरपाहणीत दर हजारी सुमारे 23 माणसे सुटल्याचे आढळले. ते ज्ञान काम संपल्यावर झाले; पॅराडेटा काम चालू असतानाच चूक दाखवितो.

16 जून 2025 च्या अधिसूचनेने जाहीर झालेली 2027 ची जनगणना मोबाईल ॲपवर योजिली आहे. म्हणून अशा नोंदी ठेवून त्या तपासाव्यात, त्यांची गुप्तताही राखावी, अशी मागणी आपण केली पाहिजे. आणि घरी प्रगणक आला म्हणजे धर्माचा प्रश्न तोंडाने विचारण्याचा आग्रह धरा. लिहिलेले उत्तर वाचून घ्या. बौद्ध सांगण्यास भिऊ नका. 1990 च्या दुरुस्तीनंतर त्यामुळे अनुसूचित जातीचा दर्जा जात नाही. जाणूनबुजून खोटी नोंद करणारा प्रगणक 1948 च्या जनगणना कायद्याने शिक्षेस पात्र आहे.