दिवेलागणीला लेकरू अडखळतं का?

पाड्यावर गेले की मी आयांना आधी हेच विचारते. तिन्हीसांजेला ठेचकाळणारं लेकरू वेंधळं नसतं. त्याला रातांधळेपणा असू शकतो. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडल्याची ही खूण. वेळीच औषध मिळालं तर नजर सुधारते. दुर्लक्ष झालं तर बुबुळ कोरडं पडून जखम होते, आणि मग गेलेली दृष्टी परत येत नाही.

उपाय दारातच आहे: शेवग्याचा पाला, माठ, पिकली पपई. भाजीत थोडं तेल मात्र हवंच, नाहीतर ते जीवनसत्त्व अंगी लागत नाही. शिवाय ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत सरकारी आरोग्य केंद्रात ९ डोस मोफत मिळतात.

पुढच्या खेपेला पाड्यावर याल, तेव्हा बिस्किटांऐवजी शेवग्याची रोपं आणा.