विहीर कोणी बाटवली?



आज कविता वाचणार नाही. गटाराबद्दल बोलणार आहे. नाकाला रुमाल लावायचा त्यांनी लावा, कान तेवढे उघडे ठेवा.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडात चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. सनातन्यांचा धर्म बुडाला. त्यांनी तळ्यात शेण-गोमूत्राचे घडे ओतले आणि पाणी शुद्ध झालं म्हणून सांगितलं. पाणी शुद्ध करण्याची ही त्यांची विद्या!

आता या रत्नागिरीत. इथला दगड जांभा, भोकाभोकांचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तो या भोकांतून विहिरीत उतरतो. आणि घरामागे सेप्टिक टाकी. लोकांना वाटतं, टाकी बांधली, काम संपलं. टाकी अर्धंच काम करते. जड मैला तळाला बसून हवेशिवाय कुजतो. वरून जे पाणी बाहेर पडतं त्यात रोगाचे जंतू जिवंत असतात. ते शोषखड्ड्यातून जांभ्यात मुरतं, नाहीतर गटारातून खाडीला मिळतं. विहीर जवळ असली की घरातलं तेच पाणी परत घरच्याच तांब्यात. बोला, विहीर कोणी बाटवली?

दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी लागते. तेव्हा ह्यांना आमची वस्ती आठवते. टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. आधी सडक्या अंड्याचा वास येतो, वायू वाढला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस खाली उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही जातो.

मी बंदरावर ओझी उचलतो. तिथं मालासाठी क्रेन येते. मैल्यासाठी माणूस. का? माल महाग आणि आमची जात स्वस्त!

कायदा आहे. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात, टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ साली तीस लाख केले. मरणाचा भाव वाढला. उतरवणं थांबलं का?

१९३१ साली याच शहरात पतितपावन मंदिर सगळ्या जातींना उघडं झालं. त्याचं कौतुक अजून ऐकवतात. गाभारा कोणी उघडावा ते बदललं, टाकीचं झाकण कोणी उघडावं ते नाही बदललं.

उपाय अवघड नाही. टाकीला पाइप लावून यंत्रानं मैला खेचायचा. टँकर खाडीकाठी रिकामा करायचा नाही, प्रक्रिया केंद्रावर न्यायचा. तिथं वाळू-खडीच्या वाफ्यांवर मैला पसरून सुकवायचा. आपल्याकडे पावसामुळं वर छप्पर पाहिजे. झिरपलेलं पाणी साफ करूनच सोडायचं.

पण दोस्तांनो, केंद्र उभं राहिलं म्हणजे जात गेली असं समजू नका. तिथं बटणावर कोणाचा हात असेल आणि फावड्यावर कोणाचा? म्हणून नगरपरिषदेत जाऊन तीन गोष्टी लेखी मागा: मैला कुठं टाकता? टाक्या कधी आणि कशानं उपसता? उपसणारे कायम आहेत की कंत्राटी? उत्तर हातात पडेपर्यंत उठायचं नाही. आणि आपल्या वस्तीतून कोणी टाकीत उतरायचं नाही. दारूवरही नाही, दुप्पट पैशावरही नाही.