जाणत्याचें नवशिकेपण

ज्यानें आयुष्याचीं दहा-बारा वर्षें सी आणि जावा या संगणकभाषांत काढलीं, त्यास जावास्क्रिप्ट जड कां जावी? मलाही हा प्रश्न पडला होता. नांवांत 'जावा' आहे, महिरपी कंस तेच, 'इफ' आणि 'फॉर' तेच. तेव्हां आठ दिवसांत भाषा हस्तगत होईल, असा माझा हिशेब होता. वस्तुतः नांव व बाह्य रूप यांपलीकडे दोघींचें नातें फारसें नाहीं. ब्रेंडन आइक यांनीं नेटस्केप कंपनींत १९९५ सालच्या मे महिन्यांत अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला सांगाडा उभा केला. आधीं ती 'मोका', मग 'लाइव्हस्क्रिप्ट', आणि जावाचा बोलबाला असल्यामुळें त्याच वर्षीं डिसेंबरांत 'जावास्क्रिप्ट' झाली. श्रीमंत शेजाऱ्याचें आडनांव लावावें, तसा हा प्रकार!

माझी पहिली फजिती सांगतों. एका स्नेह्याच्या दुकानासाठीं मीं मागणी नोंदविण्याचें पान तयार केलें. किंमतीच्या रकान्यांत २५० व सवलतीच्या रकान्यांत ३० लिहून पाहिले. वजाबाकी २२० बरोबर आली. मी निश्चिंत झालों. दुसऱ्या दिवशीं निरोप आला कीं, अडीचशेंच्या मालावर तीस रुपये पोंचवणावळ धरून गिऱ्हाइकास २५,०३० रुपयांचें बिल दिसत आहे! तें गिऱ्हाईक पुन्हां आलें नाहीं.

झालें होतें असें: रकान्यांतील मजकूर या भाषेस अंक म्हणून नव्हे, अक्षरें म्हणून मिळतो. अक्षरांची वजाबाकी संभवत नाहीं, म्हणून त्या वेळीं ती त्यांस मुकाट्यानें अंक समजते. अधिकाचें चिन्ह मात्र अक्षरें जोडण्याच्याही कामीं येतें. तेव्हां २५० पुढें ३० चिकटवून ती मोकळी होते. जावामध्यें अक्षरांची वजाबाकी लिहितांच कंपायलरनें मला अडविलें असतें आणि माझे डोळे तेथेंच उघडले असते. येथें दारावर कोणी नाहीं. चूक थेट गिऱ्हाइकापुढें जाऊन उभी राहते. तेव्हांपासून रकान्यांतील मजकूर 'नंबर' या फंक्शनमधून काढल्यावांचून मी बेरजेस हात लावीत नाहीं.

जॉन रेसिग यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेली जेक्वेरी ही निराळी भाषा नव्हे. जावास्क्रिप्टमध्येंच लिहिलेला तो साधनसंग्रह होय. त्या काळीं बटण दाबल्याची वार्ता मिळविण्याची रीत इंटरनेट एक्स्प्लोररमध्यें एक, तर फायरफॉक्समध्यें दुसरी. हा भेद जेक्वेरीनें आपल्या पोटांत घेतला. तिचें डॉलरचें चिन्ह मला कांहीं गूढ व्याकरण वाटे. तें साधें एका फंक्शनचें नांव आहे, हें कळावयास आठवडा गेला.

तिचा सोशिकपणा मात्र घातक. पानावर नसलेल्या वस्तूस रंग द्या म्हटलें, तरी ती तक्रार करीत नाहीं. रिकामा संच हातीं ठेवते आणि कांहींच घडत नाहीं. एके रात्रीं मीं दोन तास असे घालविले. वर्गनामाआधींचें एक टिंब राहिलें होतें. आतां मी आधीं संचाची 'लेंग्थ' विचारतों.

आज ब्राउझरांतील तो जुना भेद बहुतेक मिटला आहे. नव्या पानास जेक्वेरीवांचून सहसा अडत नाहीं. म्हणून नवशिक्यानें पहिला महिना नुसत्या भाषेसच द्यावा, असें माझें मत आहे. जेक्वेरी मग जुनीं पानें वाचण्यापुरती शिकावी. तीं उदंड आहेत. स्नेह्याच्या दुकानाचें पानही त्यांतलेंच. नवी सोय करून द्यावयास गेलों कीं, तो आधीं विचारतो, "बेरीज करून पाहिलीस ना?"