लेसेडी गावातील एक दुपार



मी बँकेत लेखनिक. परदेश मी फक्त ड्राफ्टवरच पाहिलेला! परंतु २०१६ साली जोहान्सबर्गला धाकट्या बहिणीकडे जाण्याचा योग आला आणि तिने मला लेसेडी या सांस्कृतिक गावात नेले. सोथो भाषेत लेसेडी म्हणजे प्रकाश. झुलू, खोसा, पेडी, बासोथो आणि न्देबेले अशा पाच समाजांच्या वस्त्या तेथे उभारल्या आहेत.

खरे सांगते, सुरुवातीस मी अवघडून गेले. माणसांच्या चुली, पोशाख, झोपड्या तिकीट लावून दाखवायच्या आणि आपण फोटो काढत हिंडायचे! मी कॅमेरा पिशवीत टाकला.

वाट दाखवणाऱ्या तरुणाने प्रथम झुलू नमस्कार शिकवला, 'सावुबोना'. शब्दशः अर्थ, आम्ही तुला पाहिले. मग लग्नाची 'लोबोला' चाल सांगितली. तेथे वराकडून वधूच्या घरी गायी जातात. १८६९ साली नाताळच्या इंग्रज सरकारने सामान्य माणसासाठी दहा गायींची मर्यादा घातली. अकरावी वधूच्या आईची. आता बहुधा रोख रक्कमच देतात. माझ्या लग्नात देणेघेणे उलट दिशेने झाले होते, ते मी त्याला सांगितले नाही.

न्देबेले घरांच्या रंगीत भिंती बायकाच रंगवतात. १८८३ साली बोअरांनी या लोकांचा पराभव करून त्यांना गोऱ्यांच्या शेतांवर वेठीस वाटून दिले. त्याच समाजातील एस्थर माहलांगु यांनी १९९१ साली त्याच नक्षीने एक बीएमडब्ल्यू मोटार रंगवली.

शेवटी नाच. झुलू तरुण पाय डोक्यापर्यंत उचलून जमिनीवर आपटत, तेव्हा बाक हादरत होते. पण माझ्या मनात राहिला तो गमबुटांचा नाच. ढोल नाही, वाद्य नाही. रबरी बुटांवर थापा, टाचांचा ठोका, मधूनच आरोळी. हा नाच काही पुरातन नाही, खाणीतला आहे. १८८६ साली तेथे सोने सापडले. १९१३ च्या जमीन कायद्याने काळ्या बहुसंख्यांसाठी देशाची जेमतेम सात टक्के जमीन राखली. मग खाणीवाचून पोट कसे भरणार? खाणीत पाणी साचे. ते उपसण्यापेक्षा मजुरांना बूट देणे मालकांना स्वस्त पडे. त्याच बुटांवर मजुरांनी ताल धरला, त्यात मुकादमाची टिंगलही केली.

नाच संपल्यावर घाम पुसत असलेल्या एका नर्तकाला मी धीर करून विचारले, "रोज असे लोकांसमोर नाचताना वाईट वाटत नाही?"

तो हसला. म्हणाला, "माझे आजोबा हे बूट घालून खाणीत उतरत. मी ते घालून उजेडात नाचतो आणि संध्याकाळी जीन्स घालून टॅक्सीने घरी जातो. मुलीच्या शाळेची फी यातूनच भरतो." मग त्यानेच विचारले, "तुम्ही कॅमेरा का काढला नाही?"

मला उत्तर सुचले नाही. कॅमेरा काढला. तो बूट पुसून, नीट ताठ उभा राहिला. तो फोटो सोबत आणला आहे. चहाच्या वेळी विद्यार्थ्यांनी जरूर पाहावा.