काठीचे माप

(गेल्या वर्षी गणेशोत्सवात मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यवाह घरी आले आणि म्हणाले, "काका, यंदा तुम्ही बोलायचं." मी म्हटले, अहो, मी टूलरूममध्ये छत्तीस वर्षे काढलेला माणूस. मला करवत चालवता येते, भाषण कुठे येते? ते म्हणाले, "मग करवतीबद्दल बोला." म्हणून आज करवतीबद्दल बोलतो. पण विषय असा आहे की बडोद्यात त्याचा काडीचाही उपयोग नाही. बर्फावर स्की करताना हातात धरतात त्या काठ्या घरच्या घरी आखूड कशा करायच्या आणि दुरुस्त कशा करायच्या, हा तो विषय. हसू नका. शेवटी मी आपल्या काठ्यांवर येणार आहे.

माझी मुलगी नॉर्वेत ओस्लोला असते. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघे तिच्याकडे हिवाळ्यात तीन महिने राहिलो. आपल्यापैकी पुष्कळांची मुले बाहेर आहेत, त्यामुळे मी काय सांगतो ते तुम्हाला कळेल. पहिला आठवडा कौतुकात जातो. मग लक्षात येते की या घरात आपल्यावाचून काहीच अडत नाही. भांडी यंत्र घासते, भाजी दारात येते. नळ गळला तरी जावई म्हणतात, "बाबा, तुम्ही बसा." बसून बसून माणूस किती बसेल?

आणि ते गाव हिवाळ्यात घरात बसणारे नाही. तिथल्या मेट्रोची एक नंबरची गाडी डोंगरावर फ्रोग्नरसेतेरेनपर्यंत जाते. रविवारी तिच्यात उभे राहायला जागा नसते आणि प्रत्येकाच्या हातात स्की आणि काठ्या. आपण सिनेमात पाहतो ते उतारावरून सुसाट येणे वेगळे. हे क्रॉस-कंट्री. जंगलातून, सपाटीवरून आणि चढावरूनही जायचे. बुटाचा पुढचा भाग स्कीला अडकवलेला, टाच मोकळी. पाय घसरतात आणि हातांतल्या काठ्या मागे रेटतात. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात लोक ऑफिसातून येऊन तासभर फिरून जातात. नॉर्वेजियन माणूस पायांत स्की घालूनच जन्मतो, असे ते लोक अभिमानाने सांगतात.

माझी नात तेरा वर्षांची. तिच्या शाळेचा स्कीचा दिवस गुरुवारी होता आणि तिच्या काठ्या तिला आखूड झाल्या होत्या. वाढते वय. शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी राहत. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांचे स्की करणे बंद झाले होते. रविवारी त्या स्वतःच्या काठ्या घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, "माझ्या पडूनच आहेत, हिला होतील." काठ्या १३५ सेंटीमीटरच्या, म्हणजे नातीला लांब. एका काठीची खालची चकती तडकलेली. जावई म्हणाले, "नव्या आणू." मी म्हटले, "थांबा. तुमच्याकडे करवत आहे का?"

आता काठीची रचना सांगतो. मधला दांडा पोकळ असतो. तो अॅल्युमिनियमचा, फायबरग्लासचा किंवा कार्बनचा. या फायबरग्लासच्या होत्या. वर मूठ आणि मनगटाचा पट्टा, खाली अणकुचीदार टोक. टोकाजवळ एक चकती असते, काठी बर्फात खोल रुतू नये म्हणून. आजी सांगत, त्यांच्या लहानपणी दांडा बांबूचा असे आणि चकतीच्या जागी वेताचे कडे. त्याही आधी, शे-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत, लोक दोन काठ्या वापरतच नसत. एकच लांब सोटा घेऊन जात.

दांडा खाली निमुळता होत जातो, म्हणून काठी खालून कापत नाहीत, वरून कापतात. त्यासाठी आधी मूठ काढावी लागते. मूठ बसवलेली असते गरम करून लावायच्या गोंदाने, ज्याच्या पांढऱ्या कांड्या आपल्याकडेही ग्लू-गनमध्ये घालतात. हा गोंद उष्णतेने मऊ होतो. तेव्हा मूठ काही मिनिटे उकळत्या पाण्यात धरायची आणि फडक्याने पिळून ओढायची. ज्योत लावायची नाही. फायबरग्लास आणि कार्बन हे धागे राळेत बसवून केलेले असतात. राळ जळली की दांडा कामातून गेला. मूठ काढण्यापूर्वी दांड्यावर आणि मुठीवर एका रेषेत खूण करायची, कारण मूठ, चकती आणि टोक एकाच दिशेला हवीत. नाहीतर पट्टा हात भलतीकडे ओढतो.

कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे धागे उसवत नाहीत. बारीक दातांचे हॅकसॉ ब्लेड घ्यायचे, दांडा ओला ठेवायचा आणि एका बाजूने कचकन न कापता फिरवत फिरवत कापायचे. तोंडावर मास्क आणि हातांत मोजे हवेतच. ती धूळ छातीत जाऊ द्यायची नसते आणि तिची कुसळे निवडुंगापेक्षा वाईट.

हे सगळे मी शिस्तीत केले. तळघरात त्यांची एक कोठडी होती, तिथे दोन पाट जोडून त्यांचा वाइस केला. नात शेजारी बसून विचारत होती. तिचे मराठी स्वयंपाकघरापुरते, पण त्या दिवशी तिने करवत, खूण, दांडा, मूठ हे शब्द घेतले. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी त्या घरात कामाचा माणूस होतो.

आणि तिथेच माझी चूक झाली.

क्लासिक पद्धतीच्या काठीचे माप उंचीच्या साधारण ८३ टक्के धरतात. २०१६ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही याहून लांब काठी चालत नाही. नात १५० सेंटीमीटर, म्हणजे काठी साडेचोवीस वर शंभर. मी टेप लावली. टोकापासून मुठीच्या माथ्यापर्यंत १३८ भरले. वजाबाकी केली आणि साडेतेरा सेंटीमीटर कापून टाकले. मूठ बसवली. नात बूट घालून उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, ही तर माझ्या जुन्या काठीएवढीच झाली."

दोन चुका होत्या. उंची बुटांसह मोजायची असते; मी मोजली अनवाणी. बुटांत ती १५२ होती, म्हणजे हवी होती १२६ची काठी. आणि काठीचे माप मुठीच्या माथ्यापर्यंत घ्यायचे नसते, पट्टा मुठीतून जिथे बाहेर पडतो तिथपर्यंत घ्यायचे असते, कारण जोर तिथे पडतो. आजींच्या काठीवरचे १३५ हे ते माप होते. कापायचे होते नऊ, मी कापले साडेतेरा. छत्तीस वर्षे पोरांना सांगत आलो की ड्रॉइंगवर माप कुठून कुठे दिले आहे ते आधी वाचा. आणि स्वतः वाचले नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रश्न पैशाचा नव्हता. त्या बाईंनी आपल्या हातातली वस्तू आपण होऊन दिली होती, आणि मी हौसेपायी ती बिघडवली होती. पत्नी म्हणाली, "अहो, सकाळी जाऊन सांगून टाका. लपवू नका." सकाळी गेलो आणि सांगितले.

आजींनी कॉफी पुढे केली आणि एक गोष्ट सांगितली. २००६ साली इटलीत तोरिनोच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या सांघिक स्प्रिंट शर्यतीत कॅनडाच्या सारा रेनरची काठी मोडली. एका काठीवर ती मागे पडू लागली. वाटेत उभ्या असलेल्या एका माणसाने आपल्याजवळची काठी तिच्या हातात दिली. तो होता नॉर्वेचा प्रशिक्षक ब्यर्नार होकेन्समोएन. काठी तिच्या मापाची नव्हती, लांब होती. तिने तशीच मारली. कॅनडाला रौप्यपदक मिळाले आणि नॉर्वे चौथे आले. पुढे कॅनडाच्या लोकांनी त्याला मेपलच्या पाकाचे हजारो डबे पाठवले. गोष्ट संपवून आजी म्हणाल्या, "चुकीच्या मापाच्या काठीचं आम्हाला काय सांगता? जा, दुरुस्त करा."

वर्कशॉपच्या दोन सवयी कामी आल्या. एक, जोडीतला एकच नग आधी करून पाहायचा. त्यामुळे दुसरी काठी शाबूत होती. दोन, कापलेला तुकडा काम संपेपर्यंत फेकायचा नाही. त्या तुकड्यातून मी साडेचार सेंटीमीटरचा तुकडा कापला. आतून आधार द्यायला लाकडी दांडी हवी होती; ती मुलीच्या जुन्या लाकडी उलथन्याची मिळाली. पॉलिश पेपरने घासून पोकळीत घट्ट बसेल इतकी केली, दोन्हीकडे पुरेशी आत जाईल इतकी लांब ठेवली आणि एपॉक्सीने जोडून चोवीस तास हात लावला नाही. मुठीचे भोक आठ-नऊ सेंटीमीटर खोल असते. सांधा त्याच्या आत गेला, म्हणजे बाहेरून मुठीचाही आधार मिळाला. मूठ मात्र गरम गोंदानेच बसवली. तिथे एपॉक्सी वापरले तर ती पुन्हा कधी निघत नाही, आणि मुलगी तर वाढणारच आहे. चकतीही तशीच गरम पाण्यात मऊ करून काढली आणि नवी बसवली.

एक इशारा देतो. हे जमले ते सांधा मुठीत लपला म्हणून. फायबरग्लासचा किंवा कार्बनचा दांडा मध्येच तडकला असेल तर जोडत बसू नका. जोर पडला की तो मोडतो आणि मोडलेले टोक सुरीसारखे असते. काय दुरुस्त करायचे नाही हे कळणे हीसुद्धा कारागिरीच आहे.

गुरुवारी नात जाऊन आली. मी विचारले, "काठी कशी होती?" ती म्हणाली, "कुठली कापलेली ते विसरलेच." टूलरूमच्या माणसाला यापेक्षा मोठे सर्टिफिकेट नाही. आता ती आणखी वाढली आहे. परवा फोनवर म्हणाली, "आबा, मूठ काढून तुकडा थोडा मोठा घालता येईल का?" मी म्हटले, "तेवढा सांधा मुठीत लपणार नाही. त्या काठ्या तुझ्यासारख्याच कोणाला तरी दे." तिने त्या खालच्या मजल्यावरच्या एका मुलीला दिल्या.

आता आपल्या काठ्या. मघापासून मी या सभागृहात बघतो आहे. निम्म्या लोकांच्या काठ्या चुकीच्या मापाच्या आहेत. कोणी वडिलांची वापरतो, कोणी दुकानातून मिळेल ती आणतो. काठी लांब असली की खांदा वर चढतो, आखूड असली की माणूस वाकतो. माप सोपे आहे. रोजच्या चपला घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाची घडी जिथे येते तिथे मुठीचा माथा यावा. काठी हातात धरल्यावर कोपर किंचित वाकलेले असावे. हे माप स्वतःचे स्वतः घेऊ नका, दुसऱ्याला घ्यायला सांगा, कारण खाली वाकून पाहिले की माप बदलते. आणि खालचे रबर पाहा. त्याच्या खाचा झिजल्या असतील तर ओल्या फरशीवर ते साबणासारखे घसरते. पंधरा-वीस रुपयांच्या रबरापायी खुबा मोडलेली माणसे आपल्या मंडळात आहेत.

लाकडी काठी खालून कापायची असते, स्कीच्या काठीच्या उलट. कार्यवाहांची परवानगी घेतली आहे. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला मी मंडळाच्या मागच्या व्हरांड्यात करवत, पॉलिश पेपर आणि रबरांचा डबा घेऊन बसेन. काठी घेऊन या. येताना रोजच्याच चपला घाला, ठेवणीतल्या नकोत.

एवढे बोलून थांबतो. गणपती बाप्पा मोरया!