जिव्हाळ्याचें स्थान

आपल्या भाषेनें मायेला पोटांत जागा दिली आहे, प्रेमाला हृदयांत आणि रागाला नाकाच्या शेंड्यावर. मेंदूच्या वांट्यास मात्र तिनें हिशेब आणि काथ्याकूट एवढेंच ठेवलें. शास्त्रज्ञांनीं ही वांटणी मान्य केलेली नाहीं. दोन जीवांना एकमेकांविषयीं ओढ कां वाटते, याचें उत्तर ते मेंदूंत शोधीत आहेत. आणि एका क्षुद्र प्राण्यापाशीं तें त्यांना कांहीं अंशीं सांपडलें आहे.

उत्तर अमेरिकेंत व्होल नांवाचा उंदरासारखा, आंखूड शेपटीचा प्राणी आहे. गवताळ मैदानांतील त्याची प्रेअरी व्होल ही जात पक्की गृहस्थाश्रमी: नरमादी बहुधा जोडीनें राहतात आणि नरहि पिलांना ऊब देतो. पश्चिमेकडील डोंगरी जात एकलकोंडी. तेथें समागम झाला कीं नर आपल्या वाटेनें चालूं लागतो. रूपांत फारसा भेद नसतां वागण्यांत एवढें अंतर कां?

संशय गेला तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर. पीयूषिका ग्रंथीच्या अर्कानें गर्भाशय आकुंचन पावतें, हें हेन्री डेल यांनीं १९०६ सालीं दाखविलें होतें. तें घडवून आणणारें हें द्रव्य म्हणजे नऊ अमिनो आम्लांची एक लहानशी सांखळी. परंतु तें तर दोन्ही जातींत आहे! मग भेद कोठें?

श्रोतेहो, या क्षणीं माझे शब्द लहरींवरून साऱ्या शहरावर पसरत आहेत; पण ज्या घरांत ते पकडणारें यंत्र आहे, तेथेंच ते ऐकूं येतात. संप्रेरकाचेंहि तसेंच आहे. तें पकडणारा प्रथिनाचा रेणु पेशीपाशीं असावा लागतो. त्यास ग्राही म्हणतात. ज्या पेशीला ग्राही नाहीं, ती त्या संदेशापुरती बहिरी.

इन्सेल व शापिरो या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९९२ सालीं या ग्राहींचे नकाशे प्रसिद्ध केले. मेंदूचे अत्यंत पातळ काप घेऊन त्यांवर ग्राहींनाच चिकटणारें किरणोत्सर्गी द्रव्य घालावयाचें आणि ते काप फिल्मवर ठेवावयाचे. ग्राही जेथें दाट, तेथें फिल्म काळी पडते. प्रेअरी व्होलमध्यें न्यूक्लियस अक्युंबेन्स हा भाग गडद उमटला. अन्न किंवा समागम यांपासून मिळणाऱ्या सुखाची नोंद घेण्यांत या भागाचा मोठा वांटा असतो. डोंगरी व्होलमध्यें तो फिकट राहिला, आणि लॅटरल सेप्टम हा दुसराच भाग गडद दिसला. संदेश एकच, ऐकणारे निराळे. सुखाच्या दालनांतच हा संदेश पोहोंचल्यामुळें तें सुख एका विशिष्ट सहचराच्या ओळखीशीं जोडलें जात असावें, असा कयास निघाला. प्रेअरी मादीच्या त्या भागांतील ग्राही औषधानें बंद केले, तेव्हां तिची जोडी जमली नाहीं.

नरांमध्यें व्हासोप्रेसिन हें भावंड विशेष महत्त्वाचें. नवांपैकीं दोनच अमिनो आम्लांचा फरक. त्याचे ग्राही प्रेअरी नराच्या व्हेंट्रल पॅलिडम या भागांत दाट असतात. अटलांटा येथील एमरी विद्यापीठांत लॅरी यंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कुरणांतील एका भटक्या जातीच्या नरांत, त्याच भागांत, हे ग्राही जनुकाच्या साहाय्यानें वाढविले. २००४ सालीं त्यांनीं कळविलें कीं हे नर अनोळखी मादीपेक्षां आपल्या सहचरीजवळ अधिक वेळ बसूं लागले.

येथें कथा संपती तर किती सोपें झालें असतें! परंतु २०२३ सालीं कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञांनीं ऑक्सिटोसिनचा ग्राही जन्मतःच नसलेले प्रेअरी व्होल निर्माण केल्याचें जाहीर केलें, आणि त्यांच्याहि जोड्या जमल्या. माद्यांनीं पिलांस दूधहि पाजलें, जरी जगलेलीं पिलें नेहमींपेक्षां कमी होतीं. म्हणजे एक वाट मुळांतच नसेल, तर वाढता मेंदू दुसरी वाट काढीत असावा.

मनुष्याच्या मेंदूंतील ग्राहींचा नकाशा व्होलच्या नकाशाहून निराळा आहे. म्हणून ‘प्रेमाचें संप्रेरक’ असें नांव देऊन कोणी नाकांत फवारण्याची कुपी पुढें केली, तर घरांतील सुज्ञांनीं एवढेंच विचारावें: हें द्रव्य जाणार कोठें, आणि तेथें तें ऐकणारें कोण आहे? ओढीचा उगम एका थेंबांत नसून तो थेंब झेलणाऱ्या रचनेंत आहे. आणि ती रचना कोणत्याहि कुपींत भरून मिळत नाहीं.