विहिरीच्या काठावरचा भूगोल



नकाशाच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळविणारा विद्यार्थी स्वतःच्या गावचा ओढा कोणत्या दिशेला वाहतो, हे सांगताना अडखळतो. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. शाळेने त्याला नकाशा भरावयास शिकविले, रचावयास नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मधील अहवालात अवकाशीय विचाराचे तीन घटक सांगितले : अवकाशाच्या संकल्पना, त्यांच्या मांडणीची साधने आणि त्यांवरून करावयाचा तर्क. दख्खनच्या पठारावर या तिन्हींसाठी गावची विहीर पुरेशी आहे.

समजा, नववीची मुले शिक्षकांसह मे महिन्यात दोरी व वजन घेऊन विहिरी मोजावयास निघाली. कठड्याची उंची वजा करावी लागते, हा पहिला धडा. वरच्या आळीची जमीन ६१२ मीटर उंचीवर, पाणी ९ मीटर खोल. खालच्या आळीची ५९८ मीटरवर, पाणी ४ मीटर खोल. मुले चटकन म्हणतील, दुसरीत पाणी ‘वर’ आहे. वजाबाकी सांगते ६०३ आणि ५९४. म्हणजे भूजलाचा उतार वरच्या आळीकडून खालच्या आळीकडे. न दिसणारा हा उतार मनात उभा राहणे, हेच खरे शिक्षण!

१:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्चरेषा सामान्यतः २० मीटरच्या अंतराने असतात. बारीक फरकासाठी गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यावी. गवंडी त्या दिवसापुरता गुरुजी झाला, तर त्यात कमीपणा कसला?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर येथे एकावर एक पसरले आहेत. मुरूम आणि सच्छिद्र थर पाणी धरतात. घट्ट काळ्या पाषाणात ते केवळ भेगांतून खेळते. म्हणूनच शेजारच्या दोन विहिरींतील एक आटते, दुसरी टिकते. किती हातांवर कोणता खडक लागला, हे विहीर खोदणाऱ्या वृद्धांना स्मरते. ते ऐकून मुलांनी जमिनीचा उभा छेद काढावा. ही माहिती त्या पिढीबरोबर लोपण्यापूर्वी कागदावर आली पाहिजे.

त्याच नकाशावर शौचालयांचे शोषखड्डे दाखविले, की पिण्याच्या विहिरीच्या चढाकडे कोणता खड्डा आहे, हे उघड होते. नकाशाने दूषितता सिद्ध होत नाही; पाण्याचा नमुना कोठून तपासावा, हे मात्र कळते. असा नकाशा घेऊन नववीतील मुलगी ग्रामसभेत उभी राहिली, तर तिला ‘खाली बस’ म्हणण्याचे धाडस होऊ नये.

पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, त्याच विहिरी पुन्हा मोजाव्यात. दोन्ही नकाशे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर शेजारी-शेजारी लावावेत.